नख्या शाबूत असाव्यात

दहाव्या शतकात वेल्सच्या डोंगराळ मुलखावर हिवेल नावाचा राजा राज्य करत होता. त्याच्या नावाने ओळखले जाणारे कायदे आज तेराव्या शतकापासूनच्या हस्तलिखितांमधून वाचायला मिळतात. जमिनीचे तंटे, वारसाहक्क, लग्नं, खुनाची भरपाई अशा भारदस्त विषयांच्या पंगतीत या कायद्यांनी मांजराचा भावही ठरवून दिला आहे. डोळे न उघडलेल्या पिल्लाला एक पेनी, डोळे उघडल्यापासून पहिला उंदीर मारेपर्यंत दोन पेन्स आणि उंदीर मारायला लागलं की चार. विकणाऱ्याने कशाची हमी द्यायची, तेही स्पष्ट लिहिलं आहे. मांजरीला दिसलं पाहिजे, ऐकू आलं पाहिजे, तिने उंदीर मारले पाहिजेत, स्वतःची पिल्लं न खाता वाढवली पाहिजेत आणि तिच्या नख्या शाबूत असल्या पाहिजेत. यातली एक गोष्ट जरी कमी निघाली, तर किमतीचा तिसरा हिस्सा परत.

त्यानंतर सुमारे हजार वर्षांनी अमेरिकेत मांजराच्या नख्या शाबूत असणं हाच दोष ठरला. घरात मांजर आणलं की त्याच्या नख्या शस्त्रक्रिया करून काढून टाकायच्या, हा तिथे दोन-तीन पिढ्यांचा रिवाज झाला. मांजराने चावू नये, बोचकारू नये, ही माणसाची इच्छा जुनीच आहे आणि रास्तही आहे. ती पुरी करण्यासाठी विसाव्या शतकात दोन अगदी वेगळे रस्ते चोखाळले गेले. एक सुरीचा आणि दुसरा शिकवण्याचा. दुसरा रस्ता सापडलेला असतानाही पहिल्याची इतकी चलती कशी झाली, हा या इतिहासातला खरा प्रश्न आहे.

मांजर माणसाजवळ आलं तेच मुळी आपल्या नख्यांच्या बळावर. सायप्रस बेटावरच्या शिलूरोकांबोस या ठिकाणी सुमारे ९५०० वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. माणसाच्या सांगाड्यापासून अवघ्या ४० सेंटिमीटरवर सुमारे आठ महिन्यांच्या मांजराचा अख्खा सांगाडा होता. फ्रेंच संशोधक झाँ-देनी व्हिन्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हा शोध प्रसिद्ध केला. सायप्रसमध्ये मूळची रानमांजरं नव्हती. म्हणजे हे मांजर किंवा त्याचे पूर्वज माणसांबरोबर होडीतूनच तिथे आले असणार. शेती सुरू झाली, धान्याच्या साठ्यांवर उंदीर आले आणि उंदरांमागे आफ्रिकी रानमांजर आलं. इजिप्तमधल्या नेबामुन नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातलं, इसवी सनापूर्वी १३५० च्या सुमाराचं एक भित्तिचित्र आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मालक बायकामुलीसह नावेतून पक्ष्यांच्या शिकारीला निघाला आहे आणि त्याच्या पुढ्यात एका मांजराने एक पक्षी तोंडात, बाकीचे पंजांत पकडले आहेत. मांजराच्या दातांचं आणि नख्यांचं एवढं कौतुक क्वचितच कुणी रंगवलं असेल.

कुत्र्याची गोष्ट वेगळी. चावऱ्या कुत्र्याची वीण पुढे वाढू न देणं, कळप राखणारा किंवा शिकार जिवंत आणून देणारा कुत्रा निवडणं हे माणसाने हजारो वर्षं केलं. मांजराच्या वाट्याला अशी निवड आलीच नाही. ते उंदीर मारत होतं, तेवढं पुरे होतं. मोजून-मापून पैदास व्हायला लागली ती एकोणिसाव्या शतकात, आणि तीही अंगाचा रंग, केस, डोळे बघून. त्यामुळे आपल्या मांडीवर घुरघुरणाऱ्या मांजराच्या अंगात शिकारी प्राणी जवळजवळ जसाच्या तसा उरला आहे. चालत्या पायावर झडप घालणाऱ्या पिल्लाला रागवण्याआधी हे ध्यानात घेतलं, तर बराच त्रास वाचतो.

नख्यांची गरज आपल्याकडेही फार जुनी झालेली नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे गावोगाव पसरला. त्या काळात अमरावतीला असलेले इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल ए. ब्यूकॅनन यांच्या लक्षात आलं की, ज्या गावांत मांजरं भरपूर, तिथे प्लेगचा जोर कमी. मांजर हे प्लेग रोखणारं जनावर आहे, असं प्रतिपादन त्यांनी १९०८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये केलं आणि गावांनी मांजरं पाळावीत असा आग्रह धरला. मांजराच्या बोचकारण्याची तक्रार करायला त्या वऱ्हाडात कुणाला सवड असणार?

शिवाय ते मांजर दिवसभर घरात कुठे असायचं! ओसरी, माळा, गोठा, परसू, शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर असा त्याचा संसार. नख्या घासायला आंब्याचं खोड, कोकणात माडाचा बुंधा, देशावर गोठ्यातली मेढ किंवा धान्याच्या पोत्याचं गोणपाट. त्याला कुणी खांब आणून द्यावा लागला नाही आणि कुठे ओरबाडू नये हेही शिकवावं लागलं नाही. ओरबाडण्याची ‘समस्या’ जन्माला आली ती मांजर चार भिंतींत कायमचं राहायला आल्यावर.

ते आत आलं त्याचा एक टप्पा लंडनमध्ये पडला. १३ जुलै १८७१ रोजी क्रिस्टल पॅलेसमध्ये चित्रकार हॅरिसन वीअर यांनी मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं. उंदीर मारणारं जनावर बघायला आणि मिरवायला बैठकीत आलं. निर्णायक टप्पा मात्र अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये १९४७ साली आला. एडवर्ड लो हा तरुण वडिलांच्या धंद्यात सांडलेलं तेल शोषणारी माती विकत असे. शेजारणीने मांजराच्या पेटीसाठी वाळू मागितली, तेव्हा त्याने वाळूऐवजी ही माती दिली. तिला ती इतकी आवडली की, लोने पाच-पाच पौंडांच्या पिशव्या भरून त्यावर ‘किटी लिटर’ असं लिहिलं आणि विकायला ठेवल्या. विधीसाठी मांजराला बाहेर सोडण्याची गरज संपली. याच वर्षांत युद्धावरून परतलेल्या सैनिकांची कुटुंबं उपनगरांतल्या नव्या घरांत राहायला जात होती. नवा सोफा, नवे पडदे, नवा गालिचा आणि आता चोवीस तास घरात असणारं मांजर.

यातून तंटा उभा राहणार हे ठरलेलंच होतं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून अमेरिकी पशुवैद्यकीय साहित्यात नख्या काढण्याच्या शस्त्रक्रियेची वर्णनं दिसू लागतात. ती काय असते हे नीट समजून घ्यायला हवं, कारण कित्येक मालकांना ते अखेरपर्यंत समजलंच नव्हतं. मांजराची नखी हाडातूनच वाढते. मांजर विसावलेलं असतं, तेव्हा एक लवचीक बंध नखीला वर, कातडीच्या म्यानात धरून ठेवतो. पंजा ताणला की खालचा स्नायुबंध ओढला जातो आणि नखी बाहेर येते. नखी पुन्हा उगवू नये असं वाटत असेल, तर ती ज्या हाडाला लागून असते ते हाडच तोडावं लागतं. माणसाच्या प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर छाटावं, तशीच ही शस्त्रक्रिया. पुढच्या दोन पंजांवर असे दहा छेद. चारही पाय केले तर अठरा. आधी सुरीने किंवा नख कापायच्या मोठ्या कात्रीने, पुढे लेसरने. पेटीतली माती जखमांत जाऊ नये म्हणून नंतर काही दिवस कागदाचे कपटे टाकायचे. मांजर चालतं ते बोटांवर. म्हणजे जखमेवर अंगाचा भार टाकूनच त्याने चालायचं.

तरीही हे सर्रास होत राहिलं. पुष्कळ दवाखान्यांत नसबंदीच्या शस्त्रक्रियेबरोबरच हेही उरकून टाकलं जाई. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अमेरिकेतल्या पाळीव मांजरांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश मांजरांच्या नख्या काढलेल्या असल्याचा अंदाज होता. काही घरमालक तर भाडेकरूला मांजर ठेवू देण्यासाठी हीच अट घालत. कॅलिफोर्नियाला २०१२ मध्ये अशी अट बेकायदा ठरवणारा वेगळा कायदा करावा लागला, यावरून ही प्रथा किती मुरली होती हे दिसतं.

ही शस्त्रक्रिया रुळण्याच्या अर्धशतक आधी, त्याच अमेरिकेत, मांजर शिकतं कसं याचं उत्तर सापडलेलं होतं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एडवर्ड थॉर्नडाइक या विद्यार्थ्याने पीएच.डी.साठी लाकडी फळकुटांचे खोके बनवले. आत भुकेलं मांजर, बाहेर मासळीचा तुकडा. दार उघडायचं तर दोरीचा फास ओढायचा किंवा पायाखालची पट्टी दाबायची. १८९८ मध्ये त्याने आपली निरीक्षणं छापली. पहिल्या खेपेला मांजर फटींत पंजे घालतं, फळ्या ओरबाडतं, त्यांना चावतं, आणि या धडपडीत केव्हातरी योगायोगाने फास ओढला जातो. दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या खेपेला ही धडपड कमी कमी होत जाते. शेवटी मांजर आत ठेवल्याबरोबर सरळ फासाकडे जातं. चावणं, ओरबाडणं गळून पडतं, कारण त्यातून काही मिळत नाही. ज्यातून मिळतं ते पक्कं होतं. यासाठी कुणी त्या मांजराला मारलं नव्हतं की दटावलं नव्हतं.

थॉर्नडाइकने सुरुवातीला असं मांडलं होतं की, बक्षिसाने सवय जेवढी घट्ट होते तेवढीच शिक्षेने ती सुटते. १९३० च्या दशकात त्याने स्वतःच हे मत बदललं. शिक्षेचा परिणाम बक्षिसाच्या मानाने फार कच्चा असतो, असं नंतरच्या प्रयोगांवरून त्याला दिसलं. मांजर पाळणाऱ्या घरांपर्यंत ही दुरुस्ती पोचायला फार वर्षं लागली. गुंडाळलेलं वर्तमानपत्र, नाकावर टिचकी, पाण्याचा फवारा असले उपाय पुढेही पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. फवारा मारला की मांजर सोफ्यावरून उडी मारतं खरं. पण ते शिकतं एवढंच की, हा माणूस जवळ असला म्हणजे धोका आहे. माणूस दुसऱ्या खोलीत गेला की सोफा पुन्हा त्याचा. आणि ज्या हाताची भीती बसली, त्या हातावरच पुढे दात उमटतात.

दुसरा मोठा धागा फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातल्या आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात हाती दिला. त्यांनी पिल्लांचे गट केले. काहींना तिसऱ्या आठवड्यापासून रोज माणसाच्या हातात द्यायचं, काहींना सातव्यापासून, काहींना अजिबात नाही. तिसऱ्या आठवड्यापासून हाताळलेली पिल्लं पुढे माणसाजवळ आपणहून आणि लवकर आली, मांडीवर जास्त वेळ थांबली. दिवसाला पंधरा मिनिटांऐवजी चाळीस मिनिटं हाताळलेली पिल्लं आणखी लळा लावून गेली. दोन ते सात आठवडे हा मांजराच्या आयुष्यातला माणसाळण्याचा काळ, असं त्यावरून ठरलं. कुत्र्याच्या पिल्लापेक्षा हा काळ बराच लवकर येतो आणि लवकर सरतो. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू घरी येतं तेव्हा त्याचा अर्धा स्वभाव आधीच घडलेला असतो. तो बोळकंडीत घडला, दुकानाच्या पिंजऱ्यात घडला की कुणाच्या मांडीवर, यावर पुढचं पुष्कळ अवलंबून राहतं.

त्या आठवड्यांत शिकवणारी मुख्य शिक्षिका आईच असते. मांजरीचे दात तिच्या पिल्लांना लागत नाहीत, ही मराठी म्हण रोजच्या बघण्यातूनच आलेली आहे. ज्या जबड्याने ती उंदराची मान मोडते, त्याच जबड्यात मानगुटीला धरून ती पिल्लांना माळ्यावरून कोठारात नेते. दातांचा जोर किती लावायचा हे तिला कळतं आणि पिल्लं ते तिच्याकडून आणि एकमेकांकडून शिकतात. खेळता खेळता एकाने जोरात चावलं की दुसरं केकाटतं, उलटून पंजा मारतं किंवा खेळच सोडून निघून जातं. आईही फटकारते. ज्या पिल्लाला महिन्याच्या आत आईपासून, भावंडांपासून तोडलं, त्याला ही शाळाच मिळत नाही. मग त्याचे धडे माणसाच्या हातावर गिरवले जातात.

नख्या काढण्याविरुद्धचा लढा उभा राहिला तो वाघ-सिंहांमुळे. कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्य जेनिफर कॉनराड सर्कशींत आणि सिनेमांत वापरलेल्या मोठ्या मार्जारांवर उपचार करत. नख्या काढलेले हे प्राणी लंगडताना, पंजा टेकवायला कचरताना त्यांना दिसले. त्यांचे पंजे दुरुस्त करता करता त्या घरगुती मांजरांच्या प्रश्नाकडे वळल्या आणि त्यांनी ‘पॉ प्रोजेक्ट’ ही संस्था काढली. एप्रिल २००३ मध्ये वेस्ट हॉलिवूड या छोट्या शहराने अमेरिकेतली पहिली बंदी आणली. राज्याच्या पशुवैद्य संघटनेने ती कोर्टात खेचली. खालच्या कोर्टाने बंदी रद्द केली, २००७ मध्ये अपील कोर्टाने ती पुन्हा उचलून धरली. मग राज्याने असा कायदा केला की, १ जानेवारी २०१० नंतर एकाही शहराला अशी बंदी आणता येणार नाही. ती तारीख उगवण्याआधी लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, सांता मोनिका, बर्कली, बर्बँक, बेव्हर्ली हिल्स आणि कल्व्हर सिटी या सात शहरांनी घाईघाईने आपापले ठराव मंजूर करून घेतले. नगरसभांनी मांजराच्या पंजासाठी वर्षअखेरीची मुदत गाठावी, ही गोष्ट मोठी अभिमानाची आहे.

युरोपात हा वाद इतका पेटलाच नाही. पाळीव प्राण्यांच्या संरक्षणाचा युरोपीय करार १९८७ मध्ये स्ट्रासबुर्गला झाला, त्यातच शेपूट कापणं, कान छाटणं, स्वरयंत्र काढणं यांच्याबरोबर नख्या काढण्याला मनाई होती. इस्रायलने २०११ मध्ये बंदी घातली. कॅनडात नोव्हा स्कोशिया हा पहिला प्रांत ठरला, तिथे बंदी २०१८ मध्ये लागू झाली. २२ जुलै २०१९ रोजी न्यूयॉर्क हे बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य झालं आणि मोडणाऱ्याला एक हजार डॉलरपर्यंत दंड ठरला. मेरिलँडने २०२२ मध्ये तोच मार्ग धरला. अमेरिकेतल्या मांजरतज्ज्ञ पशुवैद्यांची संघटना २०१७ मध्ये उघड विरोधात आली होती, तर पशुवैद्यांच्या मुख्य संघटनेने २०२० मध्ये निव्वळ मालकाच्या सोयीसाठी होणाऱ्या शस्त्रक्रियेला आपली नापसंती नोंदवली.

कायद्यांपेक्षाही महत्त्वाचा ठरला तो एक शोधनिबंध. निकोल मार्टेल-मोरान आणि सहकाऱ्यांनी नख्या काढलेली १३७ आणि न काढलेली १३७ मांजरं तपासली. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ६३ टक्के मांजरांच्या पंजात हाडाचे तुकडे मागे राहिलेले होते. पाठदुखी, पेटीबाहेर विधी करणं, अंग चाटून चाटून केस घालवणं हे सगळं त्यांच्यात जास्त आढळलं. आणि चावण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढलेली होती. यात नवल नाही. पंजा दुखतोय आणि पहिली ताकीद द्यायला नखीही नाही, अशा मांजराकडे दातच उरतात. मांजराचा चावा दिसायला बारीक पण खोल असतो आणि बोचकाऱ्यापेक्षा लवकर पिकतो. ज्यासाठी एवढं केलं, त्याच्या नेमकं उलटं झालं.

बोचकाऱ्यातून आजार होतो ही भीती मात्र खोटी नाही. पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ रोबेर देब्रे यांनी १९५० मध्ये मांजराच्या बोचकाऱ्यानंतर गाठी सुजण्याचा आजार वर्णन केला. त्याच्या जंतूची ओळख पटायला १९९२ उजाडलं. हा जंतू मांजरांमध्ये पिसवांमधून पसरतो, म्हणून इलाज पिसवांवर करायचा असतो. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांसाठीही अमेरिकी आरोग्य यंत्रणेने नख्या काढण्याचा सल्ला दिलेला नाही. जोराचा खेळ टाळा, पिसवा आटोक्यात ठेवा, बोचकारलं तर लगेच धुवा, एवढंच सांगितलं.

आता मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये, खिडक्यांना जाळी लावून, मांजरं दिवसरात्र आत राहू लागली आहेत. अमेरिकेच्या उपनगरांपुढे १९५० च्या सुमाराला जो प्रश्न आला, तोच आज आपल्या दिवाणखान्यात आहे. फरक इतका की उत्तर शोधायची गरज नाही. मांजर ओरबाडतं ते नखीवरचं जुनं कवच उतरवायला, अंग ताणायला आणि पंजांमधल्या ग्रंथींचा वास मागे ठेवायला. ते बंद करता येत नाही, त्याची जागा बदलता येते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या मालकांच्या एका पाहणीत मांजरांची पसंती दोर गुंडाळलेल्या, किमान तीन फूट उंचीच्या खांबाला दिसली आणि खांब वापरल्यावर शाबासकी किंवा खाऊ मिळणारी मांजरं तो जास्त वापरत होती. आपल्याकडे जाड काथ्याचा दोर आणि न हलणारा लाकडी खांब एवढ्यात काम होतं. तो कोपऱ्यात लपवू नका. ज्या सोफ्यावर मांजराचा डोळा आहे, त्याच्या शेजारीच उभा करा. नखांची टोकं दर दोन-तीन आठवड्यांनी कापा. पिल्लाशी बोटांनी खेळू नका, काठीला बांधलेलं पीस किंवा चिंधी द्या. हातावर दात लागले की हात थिजवा, खेळ तिथेच थांबवा आणि उठून जा. शेपूट आपटायला लागली, कान मागे पडले की कुरवाळणं बंद करा, ती त्याची सूचना आहे. पिल्लू दोन महिन्यांच्या आत आईपासून तोडू नका, तीन महिने थांबता आलं तर उत्तम. आणि भारतात रेबीज आहे, म्हणून मांजराचं लसीकरण चुकवू नका. चावा किंवा बोचकारा बसलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.